दोर तुटल्यावर काय? हे विचारणारा कारागीर

घरच्या गॅरेजात मोटार उचलणारी लिफ्ट बसवू पाहणारा गृहस्थ किती वजन पेलेल, छताची उंची पुरेल का आणि खर्च किती, हे आधी विचारतो. दोन खांबांची घ्यावी की चार खांबांची, यावरही बराच खल होतो. भार पेलणारा दोर किंवा तेलाचा दाब ऐन वेळी दगा देऊ लागला तर खाली उभ्या माणसाचे काय, हा प्रश्न मात्र उशिरा सुचतो. एलिशा ग्रेव्हज ओटिस यांना तो आधी सुचला.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या हॅलिफॅक्स गावी ३ ऑगस्ट १८११ रोजी जन्मलेल्या ओटिस यांचा पूर्वायुष्यातील बहुतेक काळ अपयशात गेला. त्यांनी नदीकाठी पिठाची गिरणी बांधली, ती चालली नाही. तिथेच लाकूड कापणे सुरू केले, तेही जमले नाही. मग घोडागाड्या बांधल्या. पुढे ऑल्बनीत स्वतःचा कारखाना काढला, तर ज्या ओढ्यावर यंत्रे फिरत त्याचे पाणीच शहराने पाणीपुरवठ्यासाठी वळवले.

१८५२ मध्ये न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे पलंगांचा कारखाना उभारताना अवजड सामान वरच्या मजल्यावर चढवायचे होते. त्या काळी दोर तुटून पाळणे कोसळत आणि माणसे दगावत. ओटिस यांनी पाळण्याच्या माथ्यावर गाडीचा कमानपाटा बसवला. (गाड्या बांधल्याचा अनुभव असा कामी आला असावा.) दोर ताणलेला असेतो पाटा वाकलेला राही, दोर तुटताच तो सरळ होई आणि त्याची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुतत. पाळणा जागीच थांबे.

आजच्या मोटार लिफ्टच्या खांबांतील खटके याच जातीचे. गाडी उचलल्यावर ती किंचित खाली घेऊन खटक्यांवर टेकवतात आणि मगच खाली शिरतात; तेलाच्या दाबावर विसंबत नाहीत. चार खांबांच्या अनेक लिफ्टमध्ये तारेचा दोर सैल पडला तरी खटका आपोआप बसतो. खरेदीपूर्वी प्रत्येक खांबावरचा खटका स्वतः पाहावा, तो वजनाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ओटिस यांना मात्र या युक्तीचे मोल लगेच उमगले नाही. कारखाना मंदावल्यावर ते सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघण्याच्या बेतात होते. तोच १८५३ मध्ये पाळण्यांची मागणी आली आणि बेत राहिला. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात ते स्वतः पाळण्यावर उंच उभे राहिले आणि सर्वांसमक्ष दोर कापवला. पाळणा थोडासा घसरून अडकला. २३ मार्च १८५७ रोजी ब्रॉडवेवरील हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात त्यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली.

पैसा मात्र फारसा हाती आला नाही. जानेवारी १८६१ मध्ये वाफेवर चालणाऱ्या पाळण्याचे पेटंट मिळाले आणि ८ एप्रिल रोजी घटसर्पाने, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कर्जाचे ओझे असलेला छोटा कारखाना चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी पुढे चालवला.