बाटलीवरचा डेव्हिडॉफ

‘कूल वॉटर’ची निळी बाटली ठाऊक नाही असा कॉलेजातला एक तरी ग्रुप सापडेल का? कुणाच्या मामाने दुबईहून आणलेली असते, नाहीतर कुणी सेलमध्ये ‘ओरिजिनल आहे ना रे?’ असं दहा वेळा विचारून घेतलेली असते. त्या बाटलीवर एक आडनाव असतं, डेव्हिडॉफ. हा परफ्युम १९८८ सालचा. तो बाजारात आला तेव्हा या आडनावाचा खराखुरा माणूस जिनिव्हात राहत होता आणि त्याची ऐंशी उलटली होती. त्याने जन्मभर विकला तो मात्र वेगळाच वास. तंबाखूचा, आणि तोही मुरलेल्या तंबाखूचा.

झिनो डेव्हिडॉफ १९०६ मध्ये जन्मला. ज्यू कुटुंब, घरात तंबाखूचा धंदा. रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले होत होते, त्यामुळे १९११ मध्ये सगळं कुटुंब जिनिव्हाला आलं आणि वडिलांनी तिथे छोटं दुकान टाकलं. रशियातून पळून आलेल्या क्रांतिकारकांचा तो अड्डाच. त्यातला एक तापट गिऱ्हाईक सिगार घेऊन गेला आणि पैसे द्यायचे राहिलेच, असा किस्सा झिनो म्हातारपणी रंगवून सांगायचा. गिऱ्हाइकाचं नाव लेनिन! खरंखोटं त्यालाच ठाऊक, पण किस्सा भारी आहे.

शाळा संपल्यावर, १९२४ मध्ये, पोरगा बोटीत बसला. अर्जेंटिना, ब्राझील करत शेवटी क्यूबा. तिथल्या मळ्यांवर त्याने साधारण दोन वर्षं काम केलं. तुमच्या-माझ्या वयाचा असताना तो जे शिकला त्यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं, म्हणून इथे जरा थांबूया.

क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ हा प्रांत आहे. त्यातल्या व्हुएल्ता आबाहो या भागाची लाल माती सिगारच्या तंबाखूसाठी जगात नावाजलेली. पानं खुडली की ती लाकडी कोठारात टांगून वाळवतात. मग त्यांचे ढीग रचतात. ओलाव्यामुळे ढीग आतून तापतो, पानं आंबतात, अमोनियाचा उग्र दर्प हळूहळू निघून जातो. ढीग उकलायचा, वरची पानं खाली घालायची, पुन्हा रचायचा. आपल्याकडे लोणच्याची बरणी मधूनमधून हलवतात ना, तसंच काहीसं. फक्त इथे महिनेच्या महिने जातात. मग हवानाच्या कारखान्यात हातांनी सिगार वळल्या जातात. तिथे कामगारांना पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायला खास माणूस ठेवलेला असतो. ऑडिओबुकची आयडिया एकोणिसाव्या शतकातली आहे, मित्रांनो! ‘मॉन्टेक्रिस्टो’ या सिगारचं नाव अशाच वाचलेल्या कादंबरीवरून पडलं.

झिनोच्या लक्षात आलं ते असं की सिगार वळून झाली तरी तिचं काम संपत नाही. ती अजून मुरत असते. युरोपातले दुकानदार मात्र ती कपाटात टाकून ठेवायचे. कोरडी पडली की तडकायची, जास्त ओल लागली की बुरशी धरायची आणि उष्णता वाढली की तंबाखूतला किडा जागा व्हायचा. १९३०च्या सुमारास परत आलेल्या झिनोने वडिलांचं दुकान हाती घेतलं आणि जिनिव्हात तळघर बांधलं. आत क्यूबासारखी दमट हवा आणि वर्षभर एकसारखं तापमान. त्याची बायको मार्त गल्ला सांभाळायची आणि झिनो खाली सिगार सांभाळायचा. जगभरचे शौकीन त्या दुकानाची वाट धरू लागले.

जुनी हवाना सिगार चाखायची कशी, याचं झिनोने जवळजवळ शास्त्रच केलं, पुस्तकही लिहिलं. आधी नुसती बघायची. वरचं पान तुकतुकीत हवं, बोटांनी हलकेच दाबलं तर थोडं दबून परत यायला हवं. टोक स्वच्छ कापायचं. ज्योत लांबूनच दाखवत, सिगार फिरवत पेटवायची. मग साधारण मिनिटाला एक झुरका. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. घाईघाईने ओढली तर ती तापते आणि कडू होते. ताज्या सिगारमधला झोंबरा तिखटपणा वर्षानुवर्षं मुरलेल्या सिगारमध्ये बसलेला असतो. सुरुवातीला देवदाराच्या लाकडासारखी चव, मध्यावर थोडी गोडसर, शेवटी चामड्याची आणि मातीची आठवण करून देणारी. फार जुनी झाली तर मात्र वास विरून जातो, उरतो नुसता धूर. आणि संपताना चिरडायची नाही, राखदाणीत ठेवून आपली आपण विझू द्यायची.

हे वाचून कुणाला टपरीकडे जावंसं वाटत असेल तर थांबा. धूर छातीत नाही घेतला तरी सिगारने तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होतो. डोळे मिटून चाखणाऱ्या माणसालाही त्यातून सूट नाही. झिनोच्या कौतुकात ही गोष्ट नेहमी मागे पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने बोर्दोच्या नामवंत वाईनची नावं देऊन ‘शातो’ मालिकेच्या सिगार आणल्या आणि त्या तुफान चालल्या. क्रांती झाली, १९६०मध्ये कॅस्ट्रो सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले, तरी क्यूबाला झिनो हवाच होता. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारी कंपनीने थेट त्याच्या नावाचा ब्रँड काढायचं ठरवलं. ज्या एल लागितो कारखान्यात खुद्द ‘कोहिबा’ बनते, तिथेच ‘डेव्हिडॉफ’ वळली जाऊ लागली. लेनिनचं न फिटलेलं बिल असं फिटलं म्हणायचं!

आणि लगेचच, १९७०मध्ये, झिनोने धंदा बाझेलच्या ओटिंगर कंपनीला विकला. दुकान गेलं, नावही गेलं. तो त्या नावाचा चेहरा बनून देशोदेशी फिरत राहिला. आपल्या आडनावाचं पुढे काय होईल हे आता दुसरे ठरवणार होते. कॉन्यॅक, टाय, चष्मे, परफ्युम या सगळ्यांवर ते आलं. मला त्याच्या गोष्टीतला सगळ्यात टोचणारा भाग हा वाटतो.

क्यूबातून येणाऱ्या मालाच्या दर्जावरून आणि ब्रँडच्या हक्कावरून वाद चिघळत गेला. ऑगस्ट १९८९मध्ये विकायच्या लायकीच्या नाहीत म्हणून एक लाखाहून जास्त सिगार जाहीरपणे जाळल्या गेल्या. पीआरच्या लेक्चरला ही केस स्टडी म्हणून सहज चालेल. तत्त्व किती आणि जाहिरात किती, हे मला तरी वेगळं काढता येत नाही. पण ज्याने तळघरात एकेक सिगार वर्षानुवर्षं जपली, त्याचंच नाव असलेल्या सिगारचा ढीग पेटला. कंपनी क्यूबा सोडून डॉमिनिकन रिपब्लिकला गेली.

झिनो १४ जानेवारी १९९४ रोजी जिनिव्हात वारला. क्यूबात वळलेल्या डेव्हिडॉफ पुन्हा कधी बनल्या नाहीत. ज्या त्याआधी विकल्या गेल्या होत्या त्यातल्या काही पेट्या अजून लोकांच्या तळघरांत आहेत. तीस वर्षांहून जास्त मुरलेल्या. लिलावात आल्या की बोली चढत जाते, आणि विकत घेणारे बरेच जण त्या ओढतच नाहीत, तशाच पुन्हा ठेवून देतात.