नर्स म्हणजे दारू पिणारी बाई, असं लोक समजायचे. फ्लोरेन्स नाइटिंगेलनं हे कसं बदललं?

१२ मे आला की हातात दिवा घेतलेल्या एका बाईचा फोटो सगळीकडे दिसायला लागतो. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा हा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. युद्धातल्या जखमी सैनिकांची रात्री दिवा घेऊन विचारपूस करणारी बाई, ही तिची ओळख आपल्याला शाळेपासून माहीत असते.

पण तिच्या आयुष्यातली एक लढाई फारशी सांगितली जात नाही. ती लढाई होती नर्सिंगला लागलेल्या दारूच्या व्यसनाशी.

फ्लोरेन्सचा जन्म १८२० सालचा. इंग्लंडमधलं गडगंज श्रीमंत घराणं. आईवडील फिरायला इटलीत गेले होते, तिथं फ्लोरेन्स शहरात ती जन्मली म्हणून नावही तेच ठेवलं. मुलीनं चांगल्या घरात लग्न करावं एवढीच घरच्यांची अपेक्षा. पण १८४५ मध्ये पंचविशीतल्या या मुलीनं सांगितलं की तिला हॉस्पिटलमध्ये जाऊन नर्सिंग शिकायचंय. घरात हलकल्लोळ झाला.

आज वाचताना वाटेल, की यात एवढं काय झालं?

तर त्या काळात इंग्लंडमध्ये नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दारू प्यायलेली बाई यायची. चार्ल्स डिकन्सनं त्याच सुमारास एका कादंबरीत सॅरी गँप नावाची दारुडी नर्स रंगवली होती. ती इतकी गाजली की लोक नर्सचा उल्लेख त्याच नावानं करायला लागले.

ही बदनामी निव्वळ हवेतली नव्हती. पण त्यामागचं कारण कुणी विचारत नव्हतं. पगार तुटपुंजा. झोपायला वॉर्डच्या दाराबाहेर, जिन्याजवळ केलेली लाकडी खोपटी. दिवसरात्र दुर्गंधी, विव्हळणारे पेशंट आणि समोर होणारे मृत्यू. त्यात भर म्हणजे बिअर ही अनेक ठिकाणी पगाराचाच भाग असायची. म्हणजे दारू हॉस्पिटलच देणार आणि प्यायल्या म्हणून शिव्याही त्याच बायकांना बसणार.

घरच्यांनी परवानगी नाकारल्यावर फ्लोरेन्सनं सरकारी अहवाल आणि हॉस्पिटलांची माहिती गोळा करून वाचायला सुरुवात केली. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथल्या संस्थेत तिनं तीन महिने प्रशिक्षण घेतलं. १८५३ मध्ये लंडनमधल्या आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या हॉस्पिटलची ती प्रमुख झाली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन फ्लोरेन्स तुर्कस्तानातल्या स्कुटारीला निघाली. त्यातल्या काही जणी धार्मिक संस्थांमधून आलेल्या होत्या, तर काही हॉस्पिटलांमधल्या पगारी नर्स. तिथं पोहोचल्यावर जखमींच्या गर्दीसोबत आणखी एक डोकेदुखी समोर आली. तिच्याच तुकडीतल्या काही नर्स दारू पिऊन कामावर यायला लागल्या. फ्लोरेन्सनं त्यांना सरळ बोटीत बसवून इंग्लंडला परत पाठवलं.

नर्सच्या बाबतीत ती अशी कडक होती. सैनिकांच्या बाबतीत मात्र तिनं वेगळाच मार्ग काढला.

बरे होत आलेले सैनिक पगार हातात पडला की दारूच्या दुकानात जायचे. हे सुधारणारे नाहीत, असं अधिकाऱ्यांचं ठाम मत होतं. फ्लोरेन्सचं म्हणणं होतं की पैसा घरी पाठवायची सोयच नसेल आणि संध्याकाळी करायला काहीच नसेल, तर माणूस दुसरं काय करणार? मग ती स्वतःच सैनिकांचे पैसे गोळा करून त्यांच्या घरी पोहोचवायला लागली. पुढे सरकारनंही मनीऑर्डरची सोय केली आणि सहा महिन्यांत ७१ हजार पौंड सैनिकांच्या घरी गेले. हे पैसे एरवी दारूवर उडाले असते, असं तिचं म्हणणं होतं. सोबत वाचनखोल्या आणि वर्ग सुरू झाले. दारू न विकणारं एक कॅफेही निघालं. दारुडे म्हणून हिणवलेले सैनिक तिथं बसून पत्रं लिहायला लागले.

माणसाला व्यसनापासून लांब ठेवायचं तर त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलावी लागते, हा धडा तिला तिथं मिळाला. पुढे १८६३ मध्ये हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावरचा मोठा अहवाल आला. त्यासाठी तिनं लिहिलेल्या निरीक्षणांमध्येही हाच मुद्दा होता. छावण्यांमधल्या कँटीनमध्ये मिळणारी दारू आणि सैनिकांचं रिकामपण, या दोन्हींवर तिनं बोट ठेवलं.

युद्ध संपल्यावर तिच्या सन्मानार्थ लोकवर्गणीतून सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमला. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा सुरू झाली.

या शाळेचे नियम पाहिले की स्कुटारीचा अनुभव लगेच जाणवतो. विद्यार्थिनी निर्व्यसनी आणि प्रामाणिक असलीच पाहिजे, ही पहिली अट. वागणूक चुकली तर शाळेतून नाव कमी. प्रत्येकीच्या कामाची आणि वागण्याची नोंद दर महिन्याला व्हायची.

पण त्याच वेळी प्रत्येक मुलीला स्वतंत्र खोली मिळाली. बसायला, वाचायला एक सामाईक दालन मिळालं. राहणं, जेवण, गणवेश शाळेकडून आणि वर वर्षाला १० पौंड. लाकडी खोपटीत झोपणाऱ्या जुन्या नर्सच्या तुलनेत हे वेगळंच जग होतं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला झोप, खासगीपण आणि मान मिळाला पाहिजे, हे या शाळेनं व्यवहारात आणलं.

फ्लोरेन्स स्वतः मात्र क्रिमियातून आजार घेऊन आली होती. ती अनेक वर्षं जवळपास अंथरुणाला खिळून राहिली. पाठीच्या असह्य दुखण्यावर १८६६ च्या सुमारास तिला अफूचं इंजेक्शन दिलं जायचं. तेव्हा हा उपाय अगदी नवा होता. दुखणं दिवसभर थांबतं पण डोकं तल्लख राहत नाही, असं निरीक्षण तिनं एका पत्रात नोंदवलं. ज्या औषधानं आराम पडतो त्याचीच किंमत मोजावी लागते, हे तिनं स्वतःच्या शरीरावर अनुभवलं होतं.

आणि मग आलं १८७२ साल.

शाळेला बारा वर्षं झाली होती. नाव जगभर पोहोचलं होतं. पण आतली परिस्थिती तपासल्यावर धक्का बसला. विद्यार्थिनींना शिकवण्याची जबाबदारी असलेले डॉक्टरच दारूच्या आहारी गेले होते आणि शिकवण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्याच सुमारास एडिनबरोच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये या शाळेच्या परंपरेतल्या नर्सची तुकडी पाठवली गेली. तिच्या प्रमुख बाई दारू आणि अफू या दोन्हींच्या विळख्यात सापडल्या. त्यांच्या जागी दुसरी प्रमुख नेमावी लागली.

म्हणजे नियम होते, दर महिन्याच्या नोंदी होत्या, निवडही काटेकोर होती. तरीही व्यसन आत शिरलंच.

फ्लोरेन्सनं याच काळात शाळेची घडी नव्यानं बसवायला घेतली. त्या डॉक्टरांच्या जागी दुसरे आले. मुलींच्या वसतिगृहासाठी एक स्वतंत्र सिस्टर नेमली गेली. अभ्यास घेणं आणि मुलींकडे लक्ष देणं हेच तिचं काम. फ्लोरेन्स स्वतः विद्यार्थिनींना एकेक करून घरी चहाला बोलवायला लागली. ती त्यांच्याशी निवांत बोलायची आणि नंतर प्रत्येकीबद्दल टिपण लिहून ठेवायची. १८७२ पासून तिनं विद्यार्थिनींना उद्देशून पत्रं लिहायला सुरुवात केली आणि अधूनमधून ती पुढची जवळपास तीस वर्षं लिहिली. शिकून बाहेर पडलेल्या कित्येक जणी अडचणीत आल्या की तिलाच पत्र लिहायच्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिचं निधन झालं. तोपर्यंत नर्स म्हटल्यावर दारुडी बाई आठवणारी पिढी मागे पडली होती.

आज महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांमध्येही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा लॅम्प लायटिंगचा कार्यक्रम होतो. त्यात नाइटिंगेलच्या नावानं शपथ घेतली जाते. ही शपथ तिनं लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथं तयार झाली. कोणतंही घातक औषध मी स्वतः घेणार नाही आणि जाणूनबुजून दुसऱ्याला देणार नाही, अशा अर्थाचं वचन त्यात आहे. आधी स्वतः घेणार नाही, मग दुसऱ्याला देणार नाही. नर्सच्या हातात औषधांच्या कपाटाची किल्ली असते.

नाइट ड्युटी, अपुरी झोप, घरापासून लांबचं हॉस्टेल, डोळ्यासमोर गेलेला पहिला पेशंट आणि हाताशी असलेली झोपेची, वेदनेची औषधं. दीडशे वर्षांत हॉस्पिटलं बदलली, पण नर्सिंग शिकणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींवरचा हा ताण बदललेला नाही. शपथ एका दिवसात घेऊन होते. ती पाळता यावी यासाठी झोपायला धड खोली लागते, हॉस्टेलवर लक्ष देणारं माणूस लागतं आणि नाव कमी होण्याच्या भीतीशिवाय जाऊन बोलता येईल अशी जागा लागते. तशी जागा कॉलेजात नसेल, तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तिथं फोन करता येतो.