बहिणाबाई आणि एक वही

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली खानदेशातील असोदे येथे महाजनांच्या शेतकरी घरात झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या सून झाल्या. तिशीतच पती नथुजी वारले. काशी, ओंकार, सोपान ही तीन लेकरे आणि शेती, सारा भार त्यांच्यावर आला. प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व दिले. तरी त्या डगमगल्या नाहीत.

त्यांना अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना आपल्या बोलीत गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ती टिपून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आपल्या बेल्यातही कापूसच पिकतो. निंदताना, वेचताना गाणाऱ्या आज्या आपल्याही घरी आहेत. नातवंडे मात्र तेलुगू आणि इंग्रजीत शिकतात. ती वही नसती तर बहिणाबाई आपल्याला कळल्याच नसत्या. म्हणून यंदा बाप्पासमोर घरोघरी एक वही ठेवावी आणि आजीचे बोल लिहून घ्यावेत, ही नम्र विनंती.