मोठा बैल की बैलजोडी?

कोबोल या संगणकभाषेचा विषय निघाला, की ग्रेस हॉपर यांचे नाव ओघानेच येते. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती याच भाषेमुळे अवाढव्य मेनफ्रेमला जखडून राहिली. हॉपर यांनी उतारवयात प्रचार केला, तो मात्र छोट्या संगणकांचा!

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात प्राध्यापकी सोडून त्या नौदलात गेल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या ५१ फूट लांबीच्या ‘मार्क वन’वर रुजू झाल्या. १९५२ मध्ये त्यांनी युनिव्हॅकसाठी ‘ए-०’ हा कंपायलर रचला. हिशेबनीसाला गणिती चिन्हांऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, हा त्यांचा आग्रह ‘फ्लो-मॅटिक’मधून कोबोलमध्ये उतरला. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली युनिव्हॅक आणि आरसीए या दोन कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. ग्राहक एकाच उत्पादकाच्या दावणीला बांधला जाऊ नये, यासाठी हा खटाटोप होता.

१९६६ मध्ये निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने पुढच्याच वर्षी परत बोलावले. मध्यवर्ती यंत्रांऐवजी परस्परांशी जोडलेले छोटे संगणक वापरावेत, असे त्या सत्तरच्या दशकात संरक्षण खात्याला सांगू लागल्या. ओंडका एका बैलाला ओढवेना, तर मोठा बैल पैदा करत बसण्यापेक्षा दुसरा बैल जुंपावा, हा त्यांचा आवडता दाखला. ऑगस्ट १९८६ मध्ये रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त होताच त्या डिजिटल इक्विपमेंट या मिनीकॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे सर्व्हरचा जमाना आला. या अर्थी त्यांचे म्हणणे खरे ठरले, पण निम्मेच. अनेक यंत्रांवर विखुरलेल्या खातेवह्यांचा मेळ क्षणोक्षणी घालणे सोपे नसते, आणि दशकानुदशके चालत आलेली आज्ञावली नव्याने लिहिण्याची जोखीम बँकांना परवडत नाही. त्यामुळे मेनफ्रेम टिकला. वर्ष दोनच अंकांत नोंदवल्याने उद्भवलेल्या ‘वायटूके’च्या दुरुस्तीने तर भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना भरपूर काम दिले. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जुन्या यंत्रणेसाठी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले.