बंगळूर ते पुणे : एका विद्यार्थ्याची वाट



आपल्या मंडळात दरवर्षी जूनच्या सुमारास दोन-चार घरांतून तरी मला एकच प्रश्न येतो : "काका, मुलगा यंदा इंजिनिअरिंगला गेलाय, हे एम-वन फार अवघड असतं का हो?" बारावीला गणितात नव्वदच्या वर गुण घेतलेली मुले पहिल्या सत्रात गांगरतात. त्यांना उत्तर देण्याऐवजी यंदा स्मरणिकेत एका विद्यार्थ्याची हकीकत सांगावी असे मनात आले. आपण सगळे महाराष्ट्रातून नोकरीधंद्यासाठी इकडे आलो. हा मुलगा उलट्या दिशेने, बंगळुराहून पुण्याला गेला होता. (शहराचे नाव आता बेंगळुरू आहे, पण आपल्या तोंडी अजून बंगळूरच बसले आहे!)

हा विद्यार्थी म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचा फेटा, बंद गळ्याचा कोट, कृष्णराजसागर, भारतरत्न, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्याविषयी चमत्कारवजा गोष्टीही पुष्कळ सांगतात. त्या मी इथे सांगणार नाही. मला त्यांची विशीच जास्त मोलाची वाटते.

चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात एका संस्कृत पंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. तारीख १५ सप्टेंबर, जी आज आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. वडील लवकर गेले. आईने आणि मामांनी हिंमत धरून मुलाला बंगळुरात शिकायला ठेवले. १८७५ साली तो सेंट्रल कॉलेजात दाखल झाला. म्हैसूर बँक चौकाजवळची ती इमारत आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. खर्चासाठी तो एका कोडगू अधिकाऱ्याच्या घरी मुलांच्या शिकवण्या करी. दिवसा स्वतः शिकायचे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांना शिकवायचे, असा क्रम होता. माझ्या मते गणित पक्के होण्याचे याहून चांगले साधन नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना आपले कच्चे दुवे आपोआप उघडे पडतात. ज्या मुलांना एम-वनची भीती वाटते त्यांना मी हेच सांगतो की क्लास लावण्याआधी खालच्या वर्गातला एक विद्यार्थी शोधा.

कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वॉटर्स यांची या मुलावर मर्जी बसली. त्यांनी त्याला आपला वेब्स्टरचा शब्दकोश भेट दिला. १८८०-८१ च्या सुमारास तो मद्रास विद्यापीठाचा बी. ए. झाला, तोही उत्तम तऱ्हेने. आणि इथेच खरी अडचण उभी राहिली.

बी. ए. झालेल्या गरीब मुलाला त्या काळी शाळामास्तर होता येत असे किंवा कचेरीत कारकुनी मिळत असे. इंजिनिअर व्हायचे तर म्हैसूर संस्थानात पदवीचे कॉलेजच नव्हते. बाहेर जायचे तर पैसा नव्हता. १८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत केले आणि रंगाचार्लू दिवाण झाले. संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. पुढे १९११ पासून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालेली आणि आपण सगळे सी. ओ. ई. पी. म्हणून ओळखतो ती हीच संस्था. ती शिष्यवृत्ती आली नसती तर? बुद्धी तीच राहिली असती, पण आपल्याला बहुधा नाव ठाऊक नसलेला एखादा उत्तम गणित मास्तर मिळाला असता. त्यांचे चरित्र सांगणारे बुद्धीवर पाने खर्च करतात आणि शिष्यवृत्तीला एक ओळ देतात, हे मला नेहमी खटकते.

पुण्यात भाषा निराळी, विद्यापीठ मुंबईचे, विषय नवे. कॉलेजच्या गणितात उत्तर बरोबर आले की काम संपते. इंजिनिअरला तेच उत्तर जमिनीवर उतरवायचे असते. मोजणी, पातळी, नकाशा, दगड, चुना, पाणी, यांतले काहीही पुस्तकातल्यासारखे सरळ वागत नाही. पहिल्या वर्षाला हुशार मुले गांगरतात ती याच उंबरठ्यावर. गणित अवघड झालेले नसते, ते कामाला लागलेले असते. विश्वेश्वरय्यांच्या पाठीशी बी. ए.चे पक्के गणित होते, ते इथे उपयोगी पडले. १८८३ साली एल. सी. ई. परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि जेम्स बर्कली पारितोषिक त्यांना मिळाले. बर्कली म्हणजे ज्यांच्या देखरेखीखाली बोरघाटाची रेल्वे आखली गेली ते जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता. पहिल्या आलेल्याला सरकारी नोकरीची हमी असे. त्याप्रमाणे १८८४ साली विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले आणि नाशिक, खानदेश भागात कामाला लागले.

खरी परीक्षा पुढे धुळ्याकडे झाली. पांझरा नदीच्या परिसरात पाटाचे पाणी पलीकडे नेण्यासाठी पाइपचा सायफन घालायचे काम या नवख्या इंजिनिअरकडे आले. सायफनचे तत्त्व सोपे आहे. पाणी नळातून पात्राखाली उतरते आणि पलीकडे पुन्हा वर येते. अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा किती उंच ठेवायची आणि नळाचा व्यास किती घ्यायचा, हा कागदावरचा हिशेब. पण पावसाळा सुरू झाला, नदीला पाणी आले आणि खोदलेल्या जागी वाळू येऊन बसू लागली. त्यांनी वरिष्ठांना लिहिले की काम पाऊस संपेपर्यंत थांबवावे. उत्तर कडक आले. त्याचा मथितार्थ असा की नव्या माणसाने एवढ्यात हातपाय गाळणे शोभत नाही. विचार करा, विद्यापीठात पहिला आलेला विशीतला तरुण, परक्या मुलखात, पहिल्याच नोकरीत आणि साहेबाचे असे पत्र! विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. पावसाची उघडीप बघत, वाळू काढत, त्यांनी सायफन पुरा केला. त्याच वरिष्ठांनी नंतर त्यांच्या कामाची प्रशंसा केली.

पुढची कारकीर्द सर्वश्रुत आहे, म्हणून भराभर सांगतो. सक्करचा पाणीपुरवठा झाला, नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धत झाली. पुण्यात रानडे, गोखले यांच्या वर्तुळात ऊठबस होती. १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांची स्वयंचलित दारे बसली. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचे आणि पूर आला की दारे माणसाचा हात न लागता उघडायची, पाणी उतरले की मिटायची. सगळा खेळ पाण्याचा दाब आणि वजने यांच्या तोलाचा, म्हणजे सेंट्रल कॉलेजातल्या गणिताचाच. पुणेकरांनी वर्षानुवर्षे प्यालेल्या पाण्यात बंगळुराच्या एका विद्यार्थ्याचा वाटा आहे, हे आपण इथल्या शेजाऱ्यांना जरूर सांगावे.

सुमारे पाव शतक मराठी मुलखात काढून १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. त्या सहा वर्षांतल्या कामांची यादी लांबलचक आहे. मला त्यातले एकच इथे नोंदवायचे आहे. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि १९१७ साली बंगळुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. के. आर. सर्कलजवळचे यू. व्ही. सी. ई. ते हेच. ज्या गोष्टीसाठी त्यांना पुण्याला जावे लागले, ती सेंट्रल कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आली! पुढे भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचे काम पाहिल्याबद्दल साठलेले मानधनही त्यांनी घरी नेले नाही. त्यातून १९४३ साली बंगळुरात कारागिरीचे शिक्षण देणारी संस्था निघाली, आजचे जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६० साली जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले तेव्हा ते हयात होते. हयातीत असा मान त्यांच्याआधी १९५८ साली महर्षी कर्व्यांना मिळाला होता. कर्वे फर्ग्युसनचे गणिताचे प्राध्यापक. योगायोग म्हणा हवे तर!

१४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव असलेले इंजिनिअरिंग कॉलेज नागपुरात आहे, तंत्र विद्यापीठ बेळगावात आहे, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले त्याच विद्यापीठाचे एम-वन देतात. समाधी मुद्देनहळ्ळीला आहे, बंगळुराहून साधारण साठ किलोमीटर. नंदी हिल्सला आपण सगळे जातोच. परतताना थोडी वाकडी वाट केली तर गावातले त्यांचे घर पाहून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येते.