पर्सी पिल्चर : पावसातली शेवटची भरारी

मित्रांनो, विमानाचा शोध कोणी लावला असं विचारलं तर शाळेतलं पोरगंसुद्धा राईट बंधूंचं नाव घेईल. पण त्यांच्या चार वर्षं आधी इंग्लंडमधला एक तरुण इंजिनीअर त्या शोधाच्या अगदी दारापर्यंत पोचला होता. त्याचं नाव पर्सी पिल्चर.

१८६७ साली बाथ शहरात त्याचा जन्म झाला. तेराव्या वर्षी तो नौदलात कॅडेट म्हणून दाखल झाला. सात वर्षांनी ते सोडून ग्लासगोच्या जहाजं बांधणाऱ्या यार्डात त्याने उमेदवारी केली आणि पुढे ग्लासगो विद्यापीठात जहाजबांधणी शिकवू लागला. म्हणजे हे सर दिवसा लेक्चर घ्यायचे आणि उरलेल्या वेळात ग्लायडर बनवायचे! त्यांची बहीण एला या सगळ्यात मदतीला असायची.

१८९५ मध्ये त्याने 'बॅट' हे पहिलं ग्लायडर बनवलं. जर्मनीत जाऊन तो ऑटो लिलिएन्थालला भेटला, त्याच्या ग्लायडरवरून स्वतः उडाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९६ मध्ये, लिलिएन्थाल उड्डाण करताना पडून गेला. पण पिल्चर थांबला नाही. बांबू आणि कापडाच्या त्याच्या 'हॉक' ग्लायडरने १८९७ मध्ये सुमारे २५० मीटर अंतर कापलं. त्यात तोल सांभाळायचा तो फक्त अंग इकडेतिकडे झुकवून.

यानंतरचं पाऊल म्हणजे इंजिन. वॉल्टर विल्सन या जोडीदाराबरोबर त्याने ४ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि तीन पंखांचं विमान तयार केलं. पैसा लागणार होता, म्हणून ३० सप्टेंबर १८९९ ला स्टॅनफोर्ड हॉल इथे बड्या पाहुण्यांसमोर डेमो ठरला. आणि ऐन वेळी इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटला!

त्या दिवशी हवाही वादळी होती, पाऊस पडत होता. पण पाहुणे निराश होऊन परत जाऊ नयेत म्हणून दुपारी चारच्या सुमारास पिल्चरने 'हॉक' उडवायचं ठरवलं. घोड्यांनी दोर ओढला, ग्लायडर वर चढलं आणि शेपटी मोडली. भिजलेलं कापड आणि दोऱ्या आवळल्यामुळे सांगाड्यावर ताण आला असावा, असं मानतात. शेपटी गेली की ग्लायडर नाक खाली करून कोसळतं, आणि उंची होती जेमतेम १० मीटर. सावरायला जागाच नव्हती. दोन दिवसांनी, वयाच्या ३२ व्या वर्षी, पिल्चर गेला. तीन पंखांचं विमान उडालंच नाही.

आजचे ग्लायडर पायलट हवा बिघडताना दिसली की धावपट्टी गाठायचा हट्ट धरत नाहीत. हातात उंची असतानाच मोकळं शेत हेरून उतरतात. मग ट्रेलर मागवावा लागतो, थोडी चेष्टाही होते, पण माणूस घरी येतो. पिल्चरला तर जमिनीवरूनच नाही म्हणता आलं असतं. समोर पाहुणे असले की तेच अवघड जातं.

२००३ मध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठाने काही बदल करून त्याच्या विमानाची प्रतिकृती बनवली. ती १ मिनिट २६ सेकंद उडाली. राईट बंधूंचं पहिल्या दिवसाचं सर्वांत लांब उड्डाण होतं ५९ सेकंदांचं. म्हणजे सरांचं डिझाईन पास होतं! चुकला तो फक्त त्या दुपारचा निर्णय. तेव्हा दोस्तांनो, प्रोजेक्टचा डेमो एक दिवस पुढे ढकलावा लागला तर लाजू नका.