पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन लागते. निराधार स्त्रियांसाठी उभारलेली ‘मुक्ती’ ही संस्था या गावी आजही नांदत आहे. ज्या स्त्रीने ती उभारली, तिच्याजवळ ना धन होते, ना माहेर-सासरचा आधार. तिला ऐकूही नीट येत नसे. त्या स्त्रीचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असताही त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या दिली. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या शांत वेळी ती आपल्या कन्येस शिकवली. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. घरातील भांडीकुंडी विकली गेली, झाडपाल्यावर दिवस काढावे लागले आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही मृत्यू पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री एवढेच मागे उरले.

भावंडे अनवाणी हिंदुस्थानभर हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली व थक्क होऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु हे सुख टिकले नाही. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. पण १८८२ साली पटकीच्या आजाराने तेही गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले आणि कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

वैद्यकी शिकून आपल्या भगिनींची सेवा करावी, या हेतूने रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणी पतित स्त्रियांना किती ममतेने वागवतात हे त्यांनी पाहिले. त्या दयेचा उगम ख्रिस्ताच्या शिकवणीत आहे असे त्यांना वाटले आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांची श्रवणशक्ती मंदावत चालली होती. कानांनी साथ न दिल्यामुळे वैद्यकीचे दार कायमचे बंद झाले. रमाबाई खचल्या नाहीत. वैद्यकी सोडून त्यांनी शिक्षणशास्त्र हाती घेतले. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या शिकल्या व तेथे त्यांनी संस्कृतही शिकवले. १८८६ साली अमेरिकेत जाऊन त्यांनी बालशिक्षणाची पद्धती आत्मसात केली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढे ते पुण्यास आले. पण १८९३ साली, मुली ख्रिस्ती होतात या समजाने मोठा लोकक्षोभ उसळला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. एकेकाळचे हितचिंतकही दूर झाले. मात्र याआधीच रमाबाईंच्या अंतर्यामी एक बदल घडला होता. बाप्तिस्मा घेऊनही आपले मन पुष्कळ वर्षे स्वतःच्या विद्वत्तेवरच विसंबून होते, हे त्यांना उमगले होते. आपण दुर्बल आहोत हे मोकळ्या मनाने मान्य करावे आणि भार ईश्वराच्या कृपेवर टाकावा. मनुष्याचे बळ सरते तेथेच ईश्वराचे बळ कामी येते, ही संत पौलाची शिकवण त्यांच्या अनुभवास आली. जनक्षोभाच्या वादळात त्यांना स्थिर ठेवले ते या श्रद्धेने.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावयास नको होते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली व विधवा यांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय मनोरमाबाईंनी केली.

पुढे त्यांचा बहिरेपणा वाढत गेला, तेव्हा त्या ग्रंथांत अधिकच रमल्या. अल्पशिक्षित स्त्रियांनाही बायबल समजावे म्हणून त्या हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षे खपून त्यांनी त्याचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते छापण्याचे कामही मुक्तीतील स्त्रियांनीच केले. १९२१ साली मनोरमाबाईंचे निधन झाले. आता त्या पुन्हा एकाकी झाल्या. तरीही लेखणी थांबली नाही. काम तडीस जाताच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

उपासमार, वैधव्य, बहिरेपणा, एकाकीपण : यांतील एकही दुःख त्यांना टाळता आले नाही. पण भुकेची ओळख असल्याने त्यांना भुकेलेल्यांची हाक कळली आणि निराधारपण भोगल्याने त्या निराधारांची माता झाल्या. कानांनी न ऐकणाऱ्या या स्त्रीने हजारोंचा आक्रोश ऐकला.